आमची मंडळी

पाद्री शांतवन साळवे म्हणाले, दोन शब्द बोला,
पोरांना उद्या शपथ घ्यायचीय.
मी सदतीस वर्षं चर्चच्या घंटेचा दोर ओढला,
लग्नं सगळी पाठमोरी पाहिली:
नवरीचा घोळ, नवऱ्याची घामानं भिजलेली कॉलर,
एकदा तर नव्या बुटाच्या तळव्याला
तशीच चिकटून राहिलेली किमतीची चिठ्ठी.
मला काय बोलता येणार?

काना गावात द्राक्षारस सरला होता.
जालन्यात, आमच्या लग्नात, पाणी सरलं.
वऱ्हाड बदनापूरहून ट्रकात उभ्यानं आलेलं,
ओठांवर धूळ,
आणि मांडवात सहा रांजण
(सहाच होते, मी नंतर आठवून मोजले)
तळाशी नुसता गारवा उरलेला.
सासूबाई माझ्या आईच्या कानाशी लागल्या,
आई मकदूमभाईच्या दारी गेली.
त्यानं हेल्यावर पखाल घालून आणली, दोन खेपा.
पैसे घेतले नाहीत.
"दुल्हन को पहले पिलाव," एवढंच म्हणाला.

चमत्कार म्हणावा असं काही झालं नाही.
पाण्याचं पाणीच राहिलं.
पण सगुणानं पेला अर्धा पिऊन
पदराआडून माझ्याकडे सरकवला
आणि तेव्हापासून तिला तहान लागली
की घसा माझा कोरडा पडतो.
'ती दोघे एकदेह होतील' असं शास्त्रात आहे.
मला त्यातलं इतकंच कळतं.

घरी कुणी आलं की मी म्हणायचो,
बसा, आमची मंडळी चहा टाकतेय.
रविवारी व्यासपीठावरून तोच शब्द यायचा:
मंडळी ही ख्रिस्ताची वधू.
मी मागून बाकांकडे बघायचो.
खोकणारे, डुलक्या काढणारे, वर्गणी चुकवणारे,
बांधाच्या भांडणावरून अबोला धरलेले दोन भाऊ,
आणि मी, खिशात तंबाखूची पुडी.
ही वधू?
हिच्यासाठी त्यानं जीव दिला?

सगुणाला विचारलं.
ती तव्यावरच्या भाकरीवरून नजर न काढता म्हणाली,
"तुम्ही मला बघायला आलात तवा
माझ्या डोळ्यात फूल होतं.
दिसलं होतं का नाही?"
दिसलं होतं.
"मंग."

औंदा तिचे गुडघे गेले.
रात्री मोरीपर्यंत धरून नेतो,
ती माझ्या खांद्यावर, मी भिंतीवर.
अशाच एका रात्री बोलून गेलो:
आपली शपथ मरणापर्यंतचीच.
पलीकडे लग्न करत नाहीत, करून देत नाहीत,
प्रभूनंच सांगून ठेवलंय.
मग तिथं तू माझी कोण, मी तुझा कोण?
घंटा अर्ध्यात असताना दोर हातातून निसटावा
तसं झालं होतं मला.

ती अंधारात हसली.
"तिथं आपण दोघं मिळून नवरी.
तुम्ही बी मंडळीतच की.
मिशी तेवढी काढावी लागंल."

हे सगळं उद्या नाही सांगणार.
पोरांना म्हणेन, रांजण आधी भरून ठेवा,
आणि खाली बसेन.

आज सकाळी दाढी करताना
वस्तरा जरा ओठाच्या वरपर्यंत गेला.
आतून तिची हाक आली, पाणी द्या हो.
थांबलो.
पेला भरला.
मिशी अजून आहे.