एक्केचाळीस मिनिटं, बारा सेकंद

लॅमिंग्टन रोडवर, जिन्याखालच्या फळीएवढ्या दुकानात
नेणशीभाई मला तेच गाणं लावून देतात
जे ते सगळ्यांना लावून देतात.
ढोलाचा दणका, मग कानाच्या तळाशी काहीतरी फुगल्यासारखं.
"बेस बघा मॅडम, बेस!"

बेस बघितला.
वरच्या मजल्यावर कुणी मसाला कुटतंय
आणि खाली आपण पाहुण्यांची विचारपूस करतोय, तसा होता.

म्हटलं, माझं लावू का?
आणि पर्समधून रेकॉर्डर काढला.

मी बोलणं उतरवून देते. मिनिटाला सोळा रुपये.
लोक बोलतात, संस्था जपून ठेवते, मधे माझे दोन कान.
त्यातला डावा लहानपणी फुटायचा.
तो उजव्यापेक्षा अरुंद राहिला
हे कुठल्या डॉक्टरानं नाही, इअरफोननं सांगितलं.

माझी परीक्षा ठरलेली आहे:
बुधाजी तांडेल, वय एक्क्याऐंशी, लाँचवरचे खलाशी,
माझगावातली खोली, वर पंखा
जो दर फेरीला एकदा टक् करतो.

पहिली जोडी साडेतीनशेची.
पंखा नाही. खोलीच नाही.
बुधाजी गोधडीतून बोलतात.

दुसरी अकराशेची. पंखा आहे,
पण "समुद्र"मधला स शिट्टी मारतो
आणि दहा मिनिटांत डोक्यात बारीक वाळू.
मागे एकजण स्क्रीनगार्ड मागत थांबलाय, थांबू दे.

तिसरी काचेखालून निघाली.
वायर कानावरून मागे वळवायची,
तिथे चष्म्याच्या काडीशी तिचं भांडण.
जमवलं कसंतरी, आणि
पंखा डावीकडे, जरा मागे.
खिडकी उजवीकडे. कबूतर.
कुणीतरी स्टीलचा पेला फरशीवर ठेवला, न आपटता.
जिभेनं कवळी बसवून घेतली.
बुधाजी हातभर अंतरावर,
रात्रभर जागलेल्या माणसाच्या आवाजात.

मी सरळ पुढे गेले. एक्केचाळीस मिनिटं, बारा सेकंद.
"लाँच सुटली तवा आमी सा जण.
धक्क्याला लागली तवा"
आणि पुढे कंसात, तीन आठवडे, अस्पष्ट.
पाच असेल. चार असेल. कुणाचं नाव असेल.
वेग कमी करून ऐकलं होतं, वाढवून ऐकलं होतं,
रात्री दोनला, फ्रिज बंद करून.

आवंढा.
नुसता आवंढा, सावकाश, पूर्ण खाली गेलेला.
तेवढ्यात पंखा चारदा टक् झाला.

"क्लिअर?" नेणशीभाई.
मी मान हलवली.
"दुखतंय कुठं?"
डावीकडे, म्हटलं.
त्यांनी डबी उपडी केली. रबरी टोपणं, मोठी, मधली, बारकी.
त्यातलं शेंगदाण्याएवढं निवडलं, फुंकर मारली, बसवून दिलं.
"पोरांचं माप आहे. तुम्हाला चालेल."

बत्तीसशे.
म्हणजे दोनशे मिनिटं माणसं.
पन्नास सोडले. सहा महिने गॅरंटी, वायर ओढायची नाही.

घरी फाइल उघडली, कंस खोडला.
संस्थेच्या नियमावलीत हसण्याला खूण आहे,
खोकल्याला आहे, मधेच फोन वाजला तर आहे.
तीन टिंबं दिली तर वाटेल, म्हातारा विसरला.
"गिळलं" लिहिलं. वाटलं, काय गिळलं विचारतील.
खोडलं.
एक ओळ रिकामी सोडली, आणि तिचे पैसे लावले नाहीत.

तासाभरानं डावा कान ठणकायला लागला.
पोरांचं माप काढून टेबलावर ठेवलं,
उजव्या कानानं पुढचं उतरवलं.
पंखा गेला. खिडकी राहिली.
बुधाजी म्हणत होते,
चा घ्या बाय, गार व्हतंय.