खड्डा क्रमांक ४१२

सोमवारी कुंपणाची साखळी उघडली तेव्हा
परेड ग्राउंडवर दव होतं आणि सशांच्या लेंड्या.
स्कार्थवेलची छावणी. दीडशे वर्षं इथे बूट आपटले,
शेवटची तुकडी गेली त्यालाही अकरा वर्षं झाली.
फेब्रुवारीत घरं येणार, दोनशे चाळीस, दुहेरी काचांची.
त्याआधी आम्ही.
जमिनीला विचारायचं, बाई गं, पोटात काही आहे का,
आणि ती सांगेल त्याला दर्जा द्यायचा:
नगण्य, स्थानिक, प्रादेशिक, राष्ट्रीय.

पियोत्र यंत्राच्या बिनदाती बादलीने माती काढतो,
दुधावरची साय काढावी तशी.
तीस मीटर लांब, दोन रुंद, असे आमचे चर,
आणि चौथ्या चरात लागला चर.
नागमोडी, एकोणीसशे पंधराचा. इथे पोरांना शिकवत
खंदकात कसं राहायचं.
पुढचं तिकडे गेल्यावर आपोआप येई.
चरात चर, असं वहीत लिहिताना गंमत वाटली,
मग वाटेनाशी झाली.

हाडाचा टूथब्रश मिळाला, दांड्यावर नंबर कोरलेला.
विवाहितांच्या क्वार्टर्समागे
गटाराच्या तोंडाशी अडकलेल्या सात गोट्या,
त्यातली एक अजून निळी.

आणि मग ४१२.
नकाशावर काळा डाग, माणसाच्या लांबीचा.
कोणी मोठ्याने बोललं नाही,
पण पियोत्रने इंजिन बंद केलं, टोपी काढली.
पुढचं हातांनी. टॅम्सिन आणि मी, दोन दिवस.
चाळणीत हाड नाही, बटण नाही, कोळशाचा कणही नाही.
फक्त खालची पिवळी माती वर आणि वरची काळी खाली,
घाईने, त्याच दिवशी बुजवल्यासारखी.
प्रयोजन: अज्ञात, मी लिहिलं. महत्त्व: नगण्य.

गुरुवारी कुंपणापाशी एक म्हातारा.
मॉरिस थ्रेलफॉल. कानात यंत्र,
सोबत कुत्री, तीही बहिरी.
"ती कबर माझी आहे," म्हणाला.
कोणाची?
"काडीची."

सत्तावन्न साल, सक्तीची भरती, वय अठरा.
बराकीच्या पायरीवर सार्जंटला जळकी काडी सापडली.
हिला सन्मानाने पुरा, त्याने फर्मावलं.
सहा फूट लांब, तीन रुंद, सहा खोल.
रात्री आठपासून. मग सलामी.
मग बुजवा. मग सकाळची परेड, बूट चकचकीत.
"पण मी फसवलं त्याला. वीतभर कमी खणला.
अंधारात कोण मोजतंय?
शेवटपर्यंत कळलं नाही बेट्याला."
ही गोष्ट त्याने स्वतःच्या लग्नात सांगितली होती,
मग मुलांना, मग नातवंडांना,
आणि इस्पितळात, बायकोच्या शेवटच्या आठवड्यात,
रोज, कारण ती मागायची.
"मोजा हवं तर."

मी टेप सोडला. तळापासून काठापर्यंत
एक मीटर बासष्ट.
"बघा!" कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.

संध्याकाळी केबिनमध्ये, हीटरला पाय लावून
तक्ता भरताना आठवली
पहिल्याच दिवशी काढून टाकलेली वरची गवताळ साय.
एकवीस सेंटिमीटर.
बेरीज केली. पुन्हा केली.
एक मीटर त्र्याऐंशी.
सहा फूट. सुताइतकंही कमी नाही.

अहवालात खोली खरी लिहिली, लिहावीच लागते.
'अज्ञात' खोडून 'शिक्षा' केलं, पुरावा: तोंडी.
महत्त्व तेच ठेवलं.
काडीचं ते, काडीमोलच.

शुक्रवारी तो बिस्किटांचा डबा घेऊन आला.
"काय मग, किती कमी भरला?"
"वीतभर," मी म्हटलं.
मागे पियोत्रने बादली टेकवली
आणि खड्डा बुजवायला घेतला,
काळी खाली, पिवळी वर,
याही खेपेला उलटीच.