आधाराची मुदत

सकाळी शटर अर्धं वर असतानाच
कॉम्प्युटर निळ्या चौकटीत कळवतो:
तुमच्या सिस्टिमचा आधार ऑक्टोबरात संपतो आहे.
खाली दोन बटणं. आत्ता. नंतर.
मी नंतर दाबतो, गेले अकरा महिने दाबतोय तसंच,
आणि कॉफीचं भांडं शेगडीवर चढवतो.
आधार संपला, हे वाक्य मीही रोज कोरतो,
जरा सजवून, घरच्यांना परवडेल तेवढ्या अक्षरांत.

ग्युमरीत थडग्यांवर चेहरे काढणारे आम्ही तिघेच उरलो.
बाकी दोघांकडे लेझर आहे.
माझ्याकडे ही सुई, हिऱ्याच्या टोकाची,
काळ्या दगडावर टकटकत
ठिपक्याठिपक्याने माणूस उतरवते.
एक चेहरा, सात तास.
हिला फक्त जुन्या सिस्टिमची भाषा कळते.
जिनं ती शिकवली ती मिन्स्कची कंपनी बुडाली,
त्या नंबरावर आता दातांच्या दवाखान्यातली बाई फोन उचलते.
फार गोड बोलली. उपयोग शून्य.

झावेन, माझा भाचा, येरेवानहून ओरडतो,
"मामा, दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे हे.
कुणीही आत शिरेल!"
शिरू दे. नेईल काय?
चार हजार एकशे बारा चेहरे.
पुरुष सगळे सुटात, आणि त्यातल्या निम्म्यांना
सूट मीच घातलेला, एकाच फोटोतून कापून.
अर्धं गाव एकाच टायमध्ये झोपलंय
आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही.
जुनं ते जुनंच. खोकतं, तापतं,
वर हात ठेवला तर मांजरासारखं गरम लागतं.
पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं
असं काही हातात असलं
की माणूस बहुतेक धरूनच ठेवतो.

वडिलांकडे छिन्नी होती.
त्या डिसेंबरानंतर दोन वर्षं
ते एकच तारीख कोरत राहिले.
सात, बारा, अठ्ठ्याऐंशी.
पुढे पुढे आकडे आखावेही लागेनात.
मला वाटायचं, हाताला काही नवं लागत नाही.
मग एक दिवस आठाचं पोट वाकडं गेलं.
त्यांनी छिन्नी पुसली, फडक्यात गुंडाळली,
आणि तेच म्हणाले, मशीन घे.

दुपारी अघवान आला.
स्वतःचा दगड त्याने सहा वर्षांपूर्वीच करून ठेवलाय,
दुसरी तारीख कोरी सोडून.
दरवर्षी येतो, काहीतरी बदलायला.
गेल्या वर्षी मिशी काढली. ते सोपं होतं,
काळ्या जागेत ठिपके भरले, झालं.
यंदा म्हणतो, "हसू कमी कर.
एवढा हसत नाही मी हल्ली."
म्हटलं, बाबा रे, पडलेला ठिपका मागे घेता येत नाही.
"आणि नवा दगड?"
नवा दगड म्हणजे सगळंच पहिल्यापासून.
टोपी हातात फिरवत बराच वेळ उभा राहिला.
"राहू दे मग. लोकांना वाटेल, जाताना बरा होता."
कॉफी प्यायला, दुसरी मागितली, गेला.

रात्री सगळे चेहरे एका डिस्कवर घेतले.
अकरा वाजले. शेवटची फाइल उतरेपर्यंत
आत्ता या बटणावर माझा बाण
दोनदा जाऊन आला.
मग उठलो, आणि मागची इंटरनेटची तार उपटली.
म्हटलं, मिटलं. ना दार, ना चोर.

मशीन बंद करून पुन्हा लावलं,
तर निळी चौकट हजर.
तार नाही, तरी.
तारीख आता तिला पाठ आहे.

नंतर दाबलं.
सुईचं टोक बदललं, दगडावरची धूळ फुंकली.
उद्याच्या माणसाला टाय तरी
दुसरा शोधायला हवा.