सतराव्या भागाची शेवटची आठ पानं

'ध्रुवयान'चा अठरावा भाग
तपोवन एक्स्प्रेसनं सेलूत उतरला,
उद्धव कोल्ह्याच्या पिशवीत, शेवयांच्या पुड्याखाली दबून.
बावीस वर्षांनी.
प्रत एक, वाचणारे पाच.
रेल्वे फाटकापाशी मुनीरभाईच्या सायकल दुकानात
चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावल्या.
माझी चौथी.
सगळ्यांचं होईस्तोवर कुणी तोंड उघडायचं नाही,
असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी मुंजाजी आला तो
हवेचा पंप लाथाडतच:
"तोमर जित्ता हाय!
यानातच हाय, पहिल्या पानापासून.
चहा प्यायलाय!"

आता हे सांगायला हवं, की
आमच्या वाचनालयातल्या सतराव्या भागाला
शेवटची आठ पानं नाहीत.
वाळवीनं खाल्ली म्हणणारे आहेत, फाडली म्हणणारे आहेत,
देशमानेबाई म्हणतात, बांधणीतच आली नव्हती.
जालन्यात, नांदेडात, दुसरी प्रत मिळाली नाही.
यान निर्जला ग्रहावरून उठणार,
टाकीत पाणी सहा जणांपुरतं,
माणसं सात,
आणि मृणाल म्हणते, "मग..."
इथं पुठ्ठा.

चार महिने आम्ही त्या 'मग'वर काढले.
मग मुनीरभाई टायर आणायला परभणीला गेला
आणि स्टँडवरच्या टपरीत त्याला म्हणे
अख्खा सतरावा दिसला.
विकत घ्यायला पैसे नव्हते,
उभ्या-उभ्या आठ पानं वाचली.
परत येऊन त्यानं सांगितलं, हातात पान्हा तसाच:
तोमर उतरतो.
आपल्या वाट्याचा पेला मृणालकडं देतो,
शिडी वर ओढा म्हणतो,
आणि यान दिसेनासं होईस्तोवर उभा राहतो.
हात नाही हलवत. नुसता उभा.

त्या रात्री मुंजाजी जेवला नव्हता.
संघमित्रानं पुढं पोराचं नाव तोमर ठेवायचं म्हणलं,
सासूनं ठेवू दिलं नाही.

तर आता दुकानात नुसता कालवा.
उद्धव म्हणाला, नाव जुन्याचं असेल, हात दुसऱ्याचा आहे,
ह्याला मागचं काही ठाऊकच नाही.
संघमित्रा म्हणाली, तोमरचं सोडा, पान बावन्न बघा,
मृणाल शॉवरखाली उभी राहते. शॉवर!
तिसऱ्या भागापासून ज्या यानात पाणी पेल्यानं मोजतात!
हे चोवीस तास नळ असणाऱ्या माणसानं लिहिलंय.
(आमचा नळ नवव्या दिवशी येतो.
त्या दिवशी आठवा होता.)
सगळे हसले. मुंजाजी नाही.
"परत आणायचाच होता, त कसा आणला ते सांगा की.
एक वळ. एक वळ लिव्हाया काय जातंय?"

मुनीरभाई घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून
बुडबुडे शोधत होता.
मान वर न करता म्हणाला,
"टायर त्या दिवशी मानवतलाच मिळाले.
परभणीला गेलोच नाही मी."

फाटक पडलं.
मालगाडी आली, कोळशाची,
मी उगाच डबे मोजले, एकोणसाठ.
कुणी काही बोलायच्या आत
मुंजाजीनंच विचारलं, जरा दबकून,
जसं अजूनही मुनीरभाईलाच ठाऊक असणार:
"मंग हात कामून हलवला नाही त्यानं?"

मुनीरभाईनं ट्यूब पुसली,
भोकाभोवती खडूनं गोल काढला.
"हलवला असता, तर ते परत आले असते."

माझी पाळी आली तेव्हा मी अठरावा वाचला.
चांगला आहे, खोटं कशाला बोलू.
शॉवरसुद्धा एका रात्रीपुरता खपवून घेतला.
फक्त जिथं जिथं तोमर बोलतो,
चहा पितो, इंजिनाशी खाटखूट करतो,
तिथं मी त्याला मध्येच सोडून
यानाच्या खिडकीपाशी जातो
आणि खाली बघतो.