कक्ष तीन

तोत्तोरीच्या त्या लहानशा संग्रहालयात
इसोको किताहारा खुर्चीवर बसते,
गुडघ्यांवर राखाडी शाल, खिशात शिसपेन्सिली.
कुणाच्या हाती शाईचं पेन दिसलं की उठायचं,
कमरेत वाकायचं, पेन्सिल पुढे करायची.
बाकी दिवसभर नुसतं असायचं.

कोपऱ्यात दमटपणा मोजणारं यंत्र
कागदावर बारीक रेघ ओढत असतं.
या खोलीत नवं असं तेवढंच घडतं.

गुरुवारी एक म्हातारे येतात.
छत्रीला कुलूप घालून, किल्ली मुठीत धरून
थेट लोणच्याच्या बरणीपाशी.
तपकिरी, ओबडधोबड, काचेआड.
पाटीवर: कुंभार अज्ञात. देणगी.
देणाऱ्याचं नाव नाही.

आज ते बोलले, हळूच, बरणी झोपली असावी तसे:
"आईची आहे. आत, गळ्याखाली, एक ओरखडा असेल.
मुळ्याच्या फोडी चोरताना माझी पळी लागली होती.
अजून आहे का हो?"

बावीस वर्षं तिनं काच पुसली,
आत कधी डोकावली नव्हती.

पाच वाजता निम्मे दिवे गेले.
इसोकोनं बूट काढले, खुर्ची सरकवली
आणि चढली,
बसायच्या जागेवर उभी.

आधी काळोख.
मग टॉर्च.
मग तो. नखाएवढा, तिरपा,
घाईघाईतला.

खाली उतरून नोंदवहीत लिहिलं,
पेन्सिलीनंच:
कक्ष तीन. दमटपणा पंचावन्न टक्के.
सर्व वस्तू जागेवर.

जरा थांबून, त्याच ओळीत:
ओरखडासुद्धा.