स्टॉपर

पूर्णेच्या रेल्वे ग्राउंडवर
खिल्लारे सर फक्कीची रेघ ओढतात.
डावा गुडघा वाजतो,
ते तिकडं लक्ष देत नाहीत.

सतरा वर्षं पाच नंबर.
गोल एकच,
तोही आपल्याच जाळ्यात, नांदेडविरुद्ध.
पेपरात नाव आलं ते तेवढंच.

"पायाकडं काहून बघायलीस?
पाय खोटं बोलतेत.
कमरेकडं बघ.
कंबर वळली की माणूस वळला."

नौशीन थांबते. अर्धं पाऊल मागं.
पोरगा डावीकडं झुकतो,
आणि चेंडू
तिच्याकडं असतो,
कुणाचं काही सांडलं नाही असा.

टाळी पडत नाही.
कठड्यावरची पोरं तिकडं गोलपोस्टजवळ बघत बसलेली.

सर तोंडातली शिट्टी काढतात,
शर्टाला पुसतात,
परत दातात धरतात.

यार्डात इंजिन शंटिंगला लागलंय.

"हां. आता दुसऱ्या बाजूनं."