बिनझोपेची

"पाकीट फुटत न्हाई," मगदूम मेडिकलवाला म्हणतो,
"दहाच घ्याव्या लागतील. पिवळीनं झोप येती.
बिनझोपेची पाहिजे तर तिप्पट."

लक्ष्मीपुरीत कांडपाच्या मशिनीवर असते मी,
नाक जानेवारीपासून मेपर्यंत वाहतं.
झोपेची गोळी खाऊन
पट्ट्याशेजारी हात कुठं ठेवू?
जागं राहायचे पैसे वेगळे.

पाकीट उलटं करून बारीक आकडा वाचला,
निम्मी हजेरी.
पदर झटकला नुसता,
त्यात सकाळची संकेश्वरी होती.

तो शिंकला. चारदा.
डोळे पुसत त्यानं फळीवरनं
बिनझोपेचं पाकीट काढलं,
टचकन एक फोडली,
पाण्याशिवाय गिळली.

म्हटलं, फुटतंय की.
दोन द्या.